नमुना ६, वय वर्षे सतरा : मतदार नोंदणी सेवेचे परीक्षण

सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी आगाऊ अर्ज करता यावा, अशी सोय भारत निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये केली. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि आमच्याकडच्या मतदार साक्षरता मंडळाचे काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ही सेवा मी सुरुवातीपासून विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून पाहत आलो आहे. गॅसजोडणी, बँकखाते किंवा पासपोर्ट यांच्या सेवेचे परीक्षण आपण करतो, त्याच व्यवहारी दृष्टीने या सेवेचेही करावे, असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. सेवेची वेळ अचूक निवडलेली आहे, प्रक्रिया समजण्याजोगी आहे आणि खर्च शून्य आहे. तरीही सतरा वर्षांच्या मुलाने ही सेवा एकट्याने, कोणाच्याही आधाराशिवाय शेवटपर्यंत नेणे फार कठीण आहे, आणि ज्याच्या मागे घर, शाळा किंवा मित्रमंडळी उभी नाहीत त्याचा अर्ज बहुधा सुरूच होत नाही.

प्रथम सेवेत काय मिळते ते पाहू. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ मध्ये. मात्र त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात तो दिवस, वर्षातून एकच होता, तो १ जानेवारी. ज्या मुलीला २ जानेवारीला अठरावे पूर्ण होत असे, तिला यादीत येण्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागे, आणि त्या वर्षभरात ती गाव सोडून शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन दुसरीकडे गेलेली असे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले. ज्याचा जन्म १५ मे २००८ चा आहे, त्याच्यासाठी १ जुलै २०२६ हा दिनांक लागू होतो आणि त्याचा अर्ज त्याआधी घेऊन ठेवता येतो. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर, मोबाइल ॲपवर किंवा कागदावर भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळे ज्यांना बीएलओ म्हणतात त्यांच्याकडे देता येतो. पुढे घरी येऊन पडताळणी, हरकतींसाठी सात दिवसांची मुदत, मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय आणि नंतर टपालाने ओळखपत्र, असा क्रम आहे. २०२१ पासून ओळखपत्राची ई-प्रतही मोबाइलवर उतरवून घेता येते.

ही वेळ अचूक आहे असे मी म्हणतो त्याला कारण आहे. आपल्याकडे सतरावे वर्ष म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ष. मूल अजून घरी जेवते, त्याच गल्लीत राहते, त्याचे वर्गशिक्षक त्याला नावाने ओळखतात आणि गावातल्या बीएलओला त्याचे घर ठाऊक असते. बारावीची परीक्षा झाली, सीईटी आणि नीट आटोपल्या, की हा सारा गोतावळा तीन-चार महिन्यांत विखुरतो. कोणी पुण्याला, कोणी लातूरला, कोणी मुंबईला नातेवाइकाच्या खोलीवर. डेन्मार्कमध्ये प्रत्यक्ष मतदानाच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की नुकतेच अठरा पूर्ण केलेले मतदार आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या मतदारांपेक्षा जास्त प्रमाणात मतदान करतात, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे अठराव्या वर्षी ते बहुतेक आईवडिलांच्या घरी असतात. घर सुटले की मतदानाला सोबत नेणारे माणूस सुटते. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचे वय १६ वर आणले, तेव्हा तिथल्या चर्चेतही घर आणि शाळा यांच्या सान्निध्यात पहिले मतदान व्हावे, हा मुद्दा होता. भारतात मतदान सोळाव्या वर्षी सुरू करण्याचा प्रश्न आज नाही. परंतु नोंदणी सतराव्या वर्षी उघडल्यामुळे त्या सान्निध्याचा काही लाभ आपल्यालाही मिळू शकतो.

तो कितपत मिळतो, हे समजण्यासाठी प्रत्यक्ष अर्ज हातात घ्यावा लागतो. नमुना ६ दिसायला साधा आहे. अर्जदाराच्या नावानंतर लगेच नातेवाइकाचे नाव विचारले आहे : वडील, आई, पती किंवा पत्नी, अनाथ असल्यास कायदेशीर पालक आणि तृतीयपंथी व्यक्तीच्या बाबतीत गुरू. शेवटच्या दोन पर्यायांची नोंद घेतली पाहिजे, कारण आपल्या फारच थोड्या शासकीय अर्जांना नात्याची ही रूपे सुचली आहेत. पुढे एका रकान्यात, त्याच पत्त्यावर सोबत राहणाऱ्या आणि आधीच यादीत नाव असलेल्या कुटुंबीयाचे नाव, नाते आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा असतो. एका घरातली नावे यादीच्या एकाच भागात यावीत, असा त्यामागचा व्यावहारिक हेतू आहे. पण या रकान्यापाशी मुलांची जी धांदल उडते, ती पाहण्यासारखी असते. आईचे ओळखपत्र गोदरेजच्या कपाटात, कपाटाची किल्ली आजीकडे, आणि वडिलांच्या कार्डावरचे आडनाव जुन्या वळणाचे. ज्या घरात मतदानाच्या आदल्या रात्री सगळ्यांची कार्डे एका पिशवीत काढून ठेवण्याची पद्धत आहे, तिथले मूल दहा मिनिटांत क्रमांक सांगते. ज्या घरात कार्डे कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही, तिथले मूल ‘उद्या आणतो’ म्हणते, आणि तो उद्या पुष्कळदा परीक्षेनंतर येतो.

रहिवासाच्या पुराव्याचेही तसेच. पुरावा अर्जदाराच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांपैकी एकाच्या नावाचा चालतो : किमान वर्षभराचे पाणी, वीज किंवा गॅसचे देयक, आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, पासपोर्ट, जमिनीचा महसुली उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. यादी उदार वाटते. ग्रामीण महाराष्ट्रात मात्र विजेचे बिल वर्षानुवर्षे आजोबांच्या नावाने येते, आजोबा जाऊन दहा वर्षे झाली तरी येते, आणि सातबारावर चुलत्यांची नावे एकत्र असतात. भाड्याने राहणाऱ्याचा करार तर नोंदणीकृत सोडाच, कागदावरही क्वचितच असतो. या सगळ्यांतून आधारकार्ड तेवढे तारून नेते. वयाच्या पुराव्याची अडचण त्या मानाने कमी, कारण दहावीचे प्रमाणपत्र बहुतेकांकडे असते. अडते ते नावांच्या जुळणीपाशी. पोर्टलवर इंग्रजीत टंकलेल्या नावाचे मराठी रूप संगणक स्वतः तयार करतो, ते डोळ्यांत तेल घालून तपासावे, कारण ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक त्याला आपल्याइतका महत्त्वाचा वाटत नाही.

ऑनलाइन अर्जाचा सर्वांत नाजूक टप्पा ओटीपीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ऑनलाइन अर्जांना आधारवर आधारलेली ई-स्वाक्षरी जोडली. कोणी दुसऱ्याच्याच नावाने अर्ज करू नये, यासाठी ती आवश्यक होती आणि तिच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. मात्र सतरा वर्षांच्या मुलाचे आधार लहानपणी काढलेले असते आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक हटकून वडिलांचा असतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मालट्रक चालवतात. तिचा अर्ज भरून झाला तेव्हा ते कर्नाटकात कुठेतरी रस्त्यावर होते. ओटीपी त्यांच्या फोनवर गेला. मुलीने फोन लावला, मग फोन माझ्याकडे आला आणि ते म्हणाले, ‘‘सर, ओटीपी कुणाला द्यायचा नाही म्हणून बँकवाले रोज मेसेज टाकतात, आणि आता तुम्हीच मागताय होय?’’ माणूस बरोबर बोलत होता. मी त्यांना अर्ज कशाचा आहे, तो कोणाकडे जातो आणि आकडा फक्त मुलीलाच सांगायचा आहे, हे समजावले. एवढ्या वेळात आकड्याची मुदत संपली. दुसरा आकडा आला तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली होती. अर्ज गेला. नंतर ते स्वतःच म्हणाले की त्यांचे नाव यादीत आहे, पण गाडीमुळे बरीच वर्षे मत देणे झालेले नाही, आणि पोरीचे पहिले मत असेल तेव्हा खेप घेणार नाही.

हा प्रसंग मी सेवेच्या बाजूने मांडायचा की विरुद्ध, हे मला ठरवता आलेले नाही. तांत्रिक अर्थाने ती अडचण आहे. दुसरीकडे, त्या घरात मतदानाविषयी कदाचित पहिल्यांदाच बाप-लेकीचे बोलणे झाले, आणि ते अर्जामुळे झाले. मुलांच्या राजकीय जाणिवेवर घराचा प्रभाव असतो असे आपण म्हणतो, तेव्हा पालक मुलांना घडवतात, एवढीच दिशा आपल्या डोळ्यांसमोर असते. अर्ज भरताना उलटी दिशाही दिसते : मुलाच्या निमित्ताने आईच्या कार्डावरची जन्मतारीख चुकल्याचे लक्षात येते, आजीचे नाव यादीतून गळल्याचे कळते, आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ कुठे मिळतो याची चौकशी सुरू होते.

मुलींच्या बाबतीत मात्र घराचा आधार दुधारी आहे, आणि याबद्दल सेवेने काही विचार केलेला दिसत नाही. ‘दोन-तीन वर्षांत लग्न होईल, मग सासरीच नाव लावू, आता कशाला?’ हे वाक्य आमच्या भागात इतक्या सहजपणे बोलले जाते की मुलीही ते मान खाली घालून ऐकतात. वास्तविक, लग्नानंतर पत्ता बदलणे ही अवघड बाब नाही. नमुना ८ भरून नाव एका मतदारसंघातून दुसऱ्या मतदारसंघात हलवता येते आणि नव्याने नोंदणी करावी लागत नाही. ही एक ओळ अर्जाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत असायला हवी होती. मुलीला घरात वाद घालायला आवडो न आवडो, सरकारी कागदावर छापलेले वाक्य दाखवणे तिला तुलनेने सोपे जाते. आमच्याकडे हे काम मैत्रिणी करतात. एकीच्या घरून परवानगी मिळाली की ती दुसरीच्या आईशी जाऊन बोलते, आणि ‘तिचं झालंय, हिचंही करून टाका’ या युक्तिवादापुढे माझे राज्यशास्त्राचे तास फिके पडतात.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी नियम चांगला आहे, पण तो फारसा कोणाला ठाऊक नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा असेल, तर विद्यार्थ्याला मूळ गावच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नोंदणी करता येते. वसतिगृहाचा पत्ता निवडल्यास संस्थाप्रमुखाचे बोनाफाईड जोडावे लागते. याचा अर्थ मुलाचे मतदार होणे हे प्राचार्यांच्या कार्यालयातल्या एका लिपिकाच्या उत्साहावरही अवलंबून असते. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत, तिचे नाव सांगत नाही, बोनाफाईड फक्त शिष्यवृत्ती आणि बसपास यांसाठीच मिळेल, अशी पाटी लावलेली होती. दुसऱ्या एका ठिकाणी ग्रंथपालांनी स्वतःहून प्रमाणपत्रांचा गठ्ठा तयार करून ठेवला होता. नियम एकच, आणि मुलांच्या वाट्याला आलेले अनुभव दोन टोकांचे.

आता शाळा-महाविद्यालयांविषयी. २५ जानेवारी २०१८ रोजी, राष्ट्रीय मतदार दिनी, आयोगाने मतदार साक्षरता मंडळांची योजना सुरू केली. नववी ते बारावीची मुले, म्हणजे भावी मतदार, तिचे सदस्य असतात आणि खेळ, चर्चा, लुटूपुटूची निवडणूक अशा उपक्रमांतून त्यांनी शिकावे अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी २५ जानेवारीला प्रतिज्ञा, रांगोळी स्पर्धा आणि छायाचित्र एवढ्यावर वर्ष निघते. याचा दोष मी शिक्षकांना देत नाही, कारण तेच शिक्षक बोर्डाचे पर्यवेक्षण, सर्वेक्षण आणि अनेकदा बीएलओचेही काम करत असतात. तरी अनुभवाने एक सांगतो : मुलांना नागरिकशास्त्राचे धडे शिक्षकाकडून मिळतात, पण अर्ज करण्याचे धैर्य त्यांना बाकावर शेजारी बसणाऱ्याकडून मिळते. एका वर्गात चौघांनी एकत्र बसून अर्ज भरले की पुढच्या आठवड्यात बाकीचे आपणहून येतात. मी एकट्याने फळ्यावर अर्हता दिनांक लिहून ठेवला की तो दुसऱ्या दिवशी पुसला जातो.

बीएलओ हा या सेवेचा मानवी चेहरा आहे आणि माझ्या मते तोच तिचा सर्वांत भक्कम भाग आहे. आपल्याकडे हे काम प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि इतर स्थानिक कर्मचारी करतात. ज्या अंगणवाडीच्या ताईंनी मुलीला चौथ्या वर्षी उसळ वाढली, त्याच ताई तिच्या नोंदणीच्या पडताळणीला दारात येतात, तेव्हा राज्यसंस्था नावाची गोष्ट त्या मुलीला परकी वाटत नाही. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठीचा नियमही या व्यवस्थेचे मोठेपण दाखवतो : बेघर व्यक्ती सांगितलेल्या ठिकाणी खरोखर झोपते का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहायचे आणि तसे दिसल्यास रहिवासाचा कागद मागायचा नाही. शहरांतल्या मोठ्या गृहसंकुलांत मात्र हा चेहरा फाटकावरच्या सुरक्षारक्षकापाशी अडतो, आणि तिथल्या मुलांना बीएलओ कोण हे माहीत असण्याची शक्यता फार कमी.

आधाराचा आणखी एक स्रोत आहे आणि त्याचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो म्हणजे पक्षांचे कार्यकर्ते. निवडणूक जवळ आली की गल्लीतला दादा स्वतःच्या लॅपटॉपवर नव्या मतदारांचे अर्ज भरून देतो, कागदांची जुळवाजुळव करतो, तहसीलला फेऱ्या मारतो. पुष्कळ मुलांसाठी राजकारणाची पहिली ओळख हीच असते, आणि ती निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. गणेश मंडळातून सार्वजनिक कामात आलेली कितीतरी माणसे आपण पाहतो. मात्र तिथे मदत आणि अपेक्षा एकाच पाकिटात येतात. घर आणि शाळा मागे राहिली की ती जागा रिकामी राहत नाही, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

सेवेतल्या दोन गंभीर उणिवा सांगून ठेवतो. पहिली म्हणजे दोन आयोगांचा घोळ. महाराष्ट्रात ग्रामपंचायत ते महानगरपालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यासाठी विधानसभेची यादी ठरावीक तारखेची घेतो. डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मधल्या नगरपरिषद व महानगरपालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी ग्राह्य धरली गेली. त्यामुळे त्या तारखेनंतर अठरा पूर्ण केलेल्या मुलांना, मतदानाच्या दिवशी ती वयाने पात्र असूनही, मत देता आले नाही. याद्या छापणे, प्रभागवार फोडणे, हरकती ऐकणे याला वेळ लागतो हे मान्य. पण वर्षाला चार अर्हता दिनांक म्हणून जाहिरात करायची आणि पहिल्याच स्थानिक निवडणुकीत मुलाला दारातून परत पाठवायचे, यात त्याच्या उत्साहाची जी हानी होते ती पुढच्या कोणत्याही शिबिराने भरून निघत नाही. आपल्या नगरसेवकाचे नाव त्याला खासदारापेक्षा चांगले माहीत असते.

दुसरी उणीव मजकुराची आहे. संपूर्ण सेवा ‘मतदान करा’ या एकाच आवाहनाभोवती फिरते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ प्रमाणे गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या व्यक्ती मिळून ग्रामसभा बनते. म्हणजे यादीत नाव आले त्या दिवशी अठरा वर्षांची मुलगी ग्रामसभेची सदस्य होते आणि पाणीयोजनेच्या हिशोबाबद्दल उभी राहून विचारू शकते. पाच वर्षांतून एकदा मिळणाऱ्या मतापेक्षा हा अधिकार कितीतरी अधिक वेळा वापरता येतो. नोंदणी मान्य झाल्याच्या संदेशात याचा एक शब्दही नसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी १८-१९ वयोगटातले सुमारे १.८ कोटी मतदार यादीत होते आणि त्या वयाच्या अंदाजित लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आतच होते. उरलेल्यांना उदासीन म्हणून मोकळे होण्याआधी, त्यांच्यापैकी किती जणांना कोणी शेजारी बसून अर्ज दाखवला होता, हे विचारायला हवे.

गुण द्यायचेच झाले तर पाचांपैकी साडेतीन देईन : वेळेसाठी आणि बीएलओंच्या जाळ्यासाठी पूर्ण, घरच्या कागदांच्या अपेक्षेसाठी निम्मे, आणि स्थानिक निवडणुकांशी असलेल्या विसंवादासाठी शून्य. ज्यांच्या घरात सतरा वर्षांचे मूल आहे त्यांनी अर्ज भरण्याआधी मुलाच्या आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे हे पाहावे, घरातल्या एका मतदाराचा ओळखपत्र क्रमांक काढून ठेवावा आणि शक्य असल्यास अर्ज संध्याकाळी, सगळे घरी असताना भरावा. ऑनलाइन जमत नसेल तर कागदी नमुना ६ आजही स्वीकारला जातो. तो बीएलओच्या हातात द्यावा आणि पोच मागून घ्यावी. आपल्या भागाचे बीएलओ कोण हे माहीत नसेल, तर १९५० या क्रमांकावर विचारता येते.